मागे उभी असलेली माणसं

१ एप्रिल

साखर उपाशीपोटी १३८. डॉक्टरने रोज लिहून ठेवायला सांगितलीय, म्हणून ही डायरी. विम्याच्या एजंटाने फुकट दिली. आकडा लिहिला की अख्खं पान उरतं, आणि मला काही रिकामं सोडायला आवडत नाही. म्हणून बाकीचंही लिहिते.

तलासरीहून सकाळच्या एसटीने डहाणूला आले. माझ्या भावाचा मुलगा दर्शन स्टँडवर घ्यायला आला होता. त्याचा फोटो स्टुडिओ स्टेशनच्या रस्त्यावर आहे, वर दोन खोल्या. त्याची बायको कीर्ती बाळंतपणाला माहेरी गेलीय, वरोरला. आणि इथे लग्नाचा सीझन. हा दिवसभर कॅमेरा घेऊन गावोगाव, काउंटरला कोणी नाही. सगळ्या नातेवाइकांना विचारून झालं, कोणाची कंबर दुखते, कोणाची परीक्षा. मला विचारलं आणि मी पिशवी भरली. आश्रमशाळेच्या भटारखान्यात सारी हयात घातली, शेकडो पोरांना जेवायला वाढलं. काउंटर सांभाळायला काय लागतंय?

शेजारी दक्षाबेनचं साडीला फॉल-पिको करायचं दुकान आहे. मी पोचायच्या आत बाई हजर. दर्शनभाईची मम्मी का, म्हणून विचारलं. आत्या, बोलले. तर म्हणते, "तो सारू, फोई आवी गयां!" फोई म्हणजे आत्या. वर फाफडा पाठवला. साखरेवाल्या बाईला फाफडा चालतो. जिलेबी परत केली.

संध्याकाळी कीर्तीचा फोन. म्हणाली, "आत्या, दोन दिवसांत आमच्या स्टुडिओचा भटारखाना करून टाकाल तुम्ही." मी बोलले, मग निदान वेळेवर जेवण तरी मिळेल तुझ्या नवऱ्याला. खूप हसली. पोरगी चांगली आहे, तोंडाळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. पोट खाली उतरलंय म्हणाली. महिनाअखेर होईल.

बरं वाटलं इथे. जागा स्वच्छ आहे. पंखा चांगला आहे.

४ एप्रिल

आज दर्शनशी वाजलं. कारण ती डिस्क.

कॉम्प्युटर मला येतो. आश्रमशाळेत पोरांची जेवणाची हजेरी मीच भरायचे, हेडमास्तरला माउस धरता येत नव्हता. कॉपी, पेस्ट, डिलीट, एवढं येतं. तर दर्शनने कॅमेऱ्यातलं कार्ड डिस्कवर कसं उतरवायचं ते दाखवलं, आणि खाली लाल पट्टी दाखवली. डिस्क भरत आलीय. म्हटलं, कशाने भरली? तर प्रत्येक फोटो दोनदा. एक मोठा, त्याला रॉ म्हणतात. एक छोटा, जेपीजी. रॉ छोट्याच्या चार-पाचपट जागा खातो, आणि दिसायला मळकट, पावसाळ्यातल्या दुपारसारखा.

मग ठेवतोस कशाला, विचारलं. तर लेक्चर सुरू. रॉ म्हणजे कच्चं बियाणं, जेपीजी म्हणजे शिजवलेला भात. भात खाता येतो, पण पेरला तर उगवत नाही. अंधारात कोणी उभा असला, डोळ्याला दिसला नाही, तरी रॉमधून त्याला वर आणता येतं. जेपीजीत तो गेला तो गेला. म्हणून रॉला हात लावायचा नाही. जागा हवी असेल तर हललेले, डोळे मिटलेले फोटो शोधायचे, ते काढायचे. एकेक बघून.

एका नवरदेवाचे घास घेताना चाळीस फोटो, सगळ्यांत तोंड उघडं. एकेक बघायचे म्हणे! मी बोलले, नवी डिस्क आण. मागवलीय, येते येते, म्हणाला. आली की बघू.

एवढं का जपतो ते नंतर सांगितलं त्याने. त्याच्या स्वतःच्या लग्नाचं कार्डच खराब निघालं. मित्राने काढले होते फोटो, एकही उतरला नाही. वरोरला कीर्तीची हळद झाली तेवढीच काय ती राहिली. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढतो आणि बायकोचा त्या हळदीशिवाय धड एक नाही. मोबाइलमधले सोड, म्हणाला, ते काय फोटो असतात का?

नाटकं.

६ एप्रिल

सकाळी कैनाडहून लाहू नावाचा माणूस आला. चाळिशीचा असेल, चिकूच्या वाडीत मजुरीला जातो. त्याचा मोठा भाऊ हिरू झाडावरून पडून गेला. दिवसकार्याला ठेवायला फोटो पाहिजे.

दर्शन म्हणाला, असे बरेच येतात. पाड्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी स्वतःहून फोटो काढलेला नसतो. कोणाच्या तरी लग्नात मागे उभे असतात, तेवढेच. मग माणूस गेला की घरचे स्टुडिओत येतात, अमक्याच्या लग्नात होता बघा, म्हणतात, आणि त्या गर्दीतून त्याला कापून काढायचा, मोठा करायचा, फ्रेम, हार.

हिरू कैनाडच्या एका लग्नात सापडला. म्हणजे मला दिसलाच नाही. स्पीकरच्या मागे नुसता काळोख. दर्शनने रॉ उघडला, माउसने एक दांडी उजवीकडे सरकवली. काळोख निवळला आणि आतून माणूस आला. दात दिसले, हसतोय. गळ्यावरचा घाम दिसला. लाहूने पडद्याला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. एरवी बोलले असते, पडद्याला डाग पडतात.

हिरूच्या खांद्यावर एक हात होता. लाहूचाच. शेजारी उभा होता ना. मयताच्या फोटोत दुसऱ्याचा हात बरा नाही दिसत, म्हणून दर्शनने मला तो पुसायला शिकवलं. बाजूची भिंत उचलायची आणि हातावर थोपटत जायचं, सारवल्यासारखं. मी पुसला. लाहू बघत होता. म्हणाला, "माझा हात काढला, आता दादा एकटाच जाणार." आणि हसला. मग रडला.

चांगलं काम झालं. फ्रेम दुपारी दिली.

८ एप्रिल

दर्शन झरीला लग्नावर. कालची कार्डं मला उतरवायला ठेवून गेला. कॉम्प्युटर कार्ड घेईना. जागा नाही. फोन केला तर मागे बँजो वाजतोय आणि हा ओरडतोय, आत्या हललेले काढ, रॉला हात लावू नको, रॉला हात लावू नको!

बसले. हललेले शोधत बसले. अकरा वाजले, बारा वाजले, पट्टी लालच्या लाल. डोकं सणकलं. इतकी जुनी लग्नं. अल्बम घरी गेलेत, नवरा-नवरीची पोरं बालवाडीत जातात आणि ह्यांचा कच्चा माल अजून इथे पडलाय. फोल्डरला नावंसुद्धा नुसती गावाची. कैनाड. झरी. वरोर. दापचरी.

मी सरळ केलं. प्रत्येक लग्नातून नवरा-नवरीचा एक छोटा ठेवला, बाकी सगळं उडवलं. मागे उभ्या असलेल्यांना कोण विचारतंय? हिरूचा कापलेला होता तो ठेवला. दोन-तीन फोल्डर उघडलेसुद्धा नाहीत, नाव बघितलं आणि डिलीट. मग ती कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कचरा घरात ठेवत नाही मी.

लाल पट्टी निळी झाली, अर्ध्याच्या वर रिकामी. कार्ड गुपचूप उतरलं. रात्री दर्शनला सांगितलं, जागा केली. म्हणाला, "आत्या, तू ग्रेट आहेस." कशी केली ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विचारेल तेव्हा सांगेन, भिते काय मी?

१२ एप्रिल

लाहू परत आला. रेशनच्या दुकानात मशीनपुढे चेहरा दाखवावा लागतो, तो जुळेना. दुकानदाराने हाकलला, नवीन फोटो काढून आण म्हणाला. दर्शन नव्हता. पासपोर्ट फोटो मला जमतो आता. स्टुलावर बसवला, मागे निळा पडदा, काढला.

शर्ट आला. कॉलर आली. कान आले. मध्ये चेहऱ्याच्या जागी पडदा. निळा, चुण्यांसकट.

कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. परत काढला. तेच. दक्षाबेनला बोलावून स्टुलावर बसवली, तिचा गालावरचा मससुद्धा स्पष्ट आला. म्हणते, बेन, मस काढून टाका ना. परत लाहूला बसवला. पडदा. नीट बघितलं तर चुण्या एकमेकांवर चढलेल्या, एकच चुणी परत परत. कोणीतरी थोपटत गेल्यासारखी. सारवल्यासारखी.

मी त्याला बोलले, दर्शन असेल तेव्हा ये, हे मशीन बिघडलंय. तो म्हणाला, मावशी, त्या दुकानातलं पण बिघडलंय का? मी बोलले, हो, सगळी मेली एकाच कारखान्यातली.

१५ एप्रिल

लाहू सकाळपासून बाकावर बसून होता. वाडीवरच्या मुकादमाने ओळखला नाही. रोज ज्याच्या हाताखाली राबतो तो मुकादम! नवा असशील तर उद्या ये, म्हणाला. घरी गेला तर त्याची बायको सुकी दारात आडवी, कोण पाहिजे, विचारते. तो नाव सांगतो तर म्हणते, त्या नावाचं इथे कोणी नाही, आणि दार लावलं. मुलगी आतून बघत होती म्हणे, भिऊन.

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. प्यायलेला नव्हता. मग मला राग आला. त्याचा नाही. पण काढला त्याच्यावरच. बोलले, मर्दासारखा दार तोडून जायचं, इथे माझ्या बाकावर काय बसलास?

दुपारी दर्शन घाईत आला. कॅमेऱ्याची जड बॅग खांद्यावरून काढली आणि लाहूच्या मांडीवर ठेवली. बाक रिकामा असल्यासारखी. पाणी प्यायला, बॅग उचलली, गेला.

लाहूने बॅग दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पडू नये म्हणून.

१८ एप्रिल

साखर बघितली नाही.

बाकावर जागा नाही आता. कैनाडचे आणखी दोघे, दापचरीचा एक म्हातारा, झरीची जयवंती नावाची बाई, ती बाळंतपणं करते. सगळे फोटो काढायला आलेत. कोणाचा येत नाही. मी विचारलं, कुठल्या लग्नात होतात? प्रत्येकाने सांगितलं. ते सगळे मी उडवलेले फोल्डर.

सगळे मागे उभे होते.

आणि आता मलाही नीट दिसत नाहीत. लाहूच्या नाकाची कड गेलीय. जयवंतीचे डोळे आहेत पण मध्ये काही नाही, पिठाच्या गोळ्याला बोटं लावल्यासारखे. बोलतात सगळे. आवाज तसाच आहे. म्हातारा तर खोडसाळ, म्हणाला, आता सावकार पण ओळखणार नाही, तेवढं बरं झालं. बाकीचे हसले. तोंडं नसताना हसले.

मला हे असं गुपचूप बसणं सहन होत नाही. मी ओरडले, शिव्या द्या की मला! मीच केलंय, द्या! कोणी दिल्या नाहीत. दक्षाबेन दारात आली, बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, बेन, कोणावर ओरडता? ऊन लागलं का?

२० एप्रिल

कीर्तीचा फोन आला. हसत होती, पण ते हसू खोटं होतं. दवाखान्यात तपासणीला गेली, कागद सगळे बरोबर, तरी काउंटरवरची बाई म्हणाली, पेशंटला घेऊन या. मीच पेशंट आहे, म्हणून पोट दाखवलं, तर ती पुढच्या बाईशी बोलायला लागली. मोबाइलमधले स्वतःचे फोटो बघितले, सगळे पुसट. आणि सकाळी चहा देताना तिची आई म्हणाली, "तू कोणाची गं बाय?"

आई थट्टा करते ना आत्या, म्हणाली कीर्ती.

फोन ठेवला आणि कपाटातून अल्बम काढला. वरोरची हळद. पिवळे हात, पिवळी साडी, आंब्याच्या डहाळ्या, मांडवामागे काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. मध्ये पाटावर कीर्ती. मानेपासून वर पिवळं, थोपटलेलं, पिवळ्यावर पिवळं.

तिच्या मागे ताट घेऊन एक बाई. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन गेलेली. ती मी. ते माझं हिरवं लुगडं. मानेच्या वर मांडवाची कनात.

वरोर. मी गिऱ्हाइकाचं समजले. उघडलं नाही. नाव बघितलं आणि

घरचं होतं ते.

२१ एप्रिल

कीर्तीला सगळं सांगितलं. एकदम सांगितलं, आडवळण घेतलं नाही. मला वाटलं किंचाळेल. तर म्हणाली, "आत्या, तुम्ही पण ना!" आमटी करपली की बोलतात तसं. मग लगेच कामाचं बोलायला लागली. अल्बमचं काम तीच करायची, तिला सगळं येतं.

डिलीट केलेलं जात नाही, म्हणाली. नाव पुसलं जातं, माल तिथेच असतो. त्याच्यावर दुसरं काही उतरवलं की मग जातो, कायमचा. म्हणून दर्शनला आजपासून एक कार्डसुद्धा उतरवू देऊ नका. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम आहे, तो चालवला की पुसलेले परत काढतो. मात्र काढलेले त्याच डिस्कवर ठेवायचे नाहीत. माझ्या साड्यांच्या कपाटात एक छोटी डिस्क आहे, तिच्यावर घ्या. एवढं सांगितलं, आणि मध्येच आवाज जात होता. फोनचा नव्हे. रेंज पूर्ण होती. तिचाच.

दर्शनला बसवून सांगितलं. रॉ उडवले म्हटल्यावर असा भडकला, मला जे तोंडाला येईल ते बोलला. मी ऐकून घेतलं. बरोबर होतं त्याचं. मग बोलले, कीर्तीसाठी तरी कार्ड उतरवू नको. तर म्हणतो, कोण कीर्ती?

मी त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा.

तो गाल धरून उभा. रागावला नाही, तेच वाईट. आत्या, तुला घरी पोचवू का, विचारलं. वर भिंतीवर तिची ओढणी लटकतेय, तिच्याखाली उभा राहून विचारलं.

२२ एप्रिल

दुपारी बाजार बंद असतो तेव्हा प्रोग्राम लावला. शटर अर्धं ओढलं. बाकावरचे सगळे उठून मागे उभे राहिले.

पुसलेल्यांची यादी आली. कैनाड आधी उघडलं. वरची दोन बोटं आभाळ, खाली राखाडी पट्टे. दुसरा, पट्टे. तिसऱ्यात मंडपात परक्या लग्नाचा केक, झरीच्या नवऱ्याचा अर्धा हात. आठ तारखेपासून रोज कार्डं उतरतायत ना. रोज. काही मीच उतरवलीत. कैनाडवर बसलीत ती सगळी.

लाहू मागेच होता. मी वळले नाही. बोलले, तुझं गेलं.

तो म्हणाला, बरं.

बरं काय रे? बरं काय? मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने टेबल पुसलं.

वरोर खाली आहे. बरेचसे हिरवे दाखवतोय, म्हणजे निघतील. पण हळू. एकेक फोटो वरून खाली उतरतो, चाळणीतून पीठ पडल्यासारखा. छोटी डिस्क एवढीशी. वरोर मावेल, दुसरं काही नाही. जयवंतीला सांगितलं तसं. दापचरीच्या म्हाताऱ्याला सांगितलं. तो परत बाकावर जाऊन बसला.

दर्शन संध्याकाळी आला तेव्हा मी खुर्ची सोडली नाही. कार्डं खिशात ठेवून वर गेला. उद्या मोठ्या लग्नाची आणतो, ती उतरवावीच लागतील, म्हणाला. आत्या म्हणाला नाही. बाई म्हणाला.

२३

कीर्तीचा फोन. नाव नाही आलं, नुसता नंबर. कळा सुरू झाल्या. आई ओसरीवर बोंबील निवडतेय, हाक मारली तर वर बघत नाही. भावाने तिच्या अंगावरून हात घालून चावी घेतली. रिक्षावाला थांबत नाही. ओरडतेय ती. घर भरलेलं आहे आणि ओरडतेय.

मी निघाले. पायरीपर्यंत गेले. मी गेले तर तो कार्ड उतरवेल. मी थांबले तर तिथे

जयवंतीने पदर खोचला. म्हणाली, मी जाते. मी बोलले, तुला ती दिसेल का? म्हणाली, आमची आम्हाला दिसतात. गाडी कोणी थांबवणार नाही तिच्यासाठी. चालत गेली, अनवाणी, रखरखीत उन्हात. तिचंही काढता आलं असतं, झरीचं थोडं हिरवं होतं. तिला माहीत होतं ते. तिनेच बघितलं माझ्याआधी.

दक्षाबेन शटरखालून वाकून बघत होती. मी बोलले, दक्षाबेन, एक रिक्षा बघा, वरोरला. ती दचकली. ओ बेन, कोण तुम्ही? दर्शनभाईच्या दुकानात काय करता?

फाफडा दिलास ना गं मला.

शटर पूर्ण ओढलं. आतून कडी नाही याला.

२३, नंतर

चालू आहे. हळद दळताना. जातं आलं. बांगड्या आल्या. बायकांचे हात आले, तोंडं येतायत, वरोरच्या बायकांची, एकेक, देवा, किती स्पष्ट – दात, नथ, घाम. कीर्तीचे अजून नाहीत.

तो आला. शटर वाजवतोय. आत कोण आहे, विचारतोय. मी ओरडले, आत्या आहे! तर म्हणतो, कोणाची आत्या? दक्षाबेन सांगतेय, वेडी बाई शिरलीय, सकाळपासून बडबडतेय. माणसं जमलीत.

तुझी, गाढवा. तुला कडेवर घेऊन शाळेत सोडलाय मी.

जोर लावतायत. शटर वीतभर वर आलं. परत खाली गेलं.

लाहूने धरलंय. म्हातारा, कैनाडचे दोघे. पाठ लावून बसलेत. बाहेर म्हणतायत, गंजलं वाटतं. लाहूचं काहीच निघणार नाही या डिस्कमधून, त्याला माहीत आहे. मी बोलले, सोड, तुझा काय फायदा? तर म्हणतो, मावशी, पोरगी अडलीय ना.

पाटावरचा उघडतोय. मोठा आहे. वरून उतरतोय. मांडव. आंब्याची पानं.

फोन वाजतोय. नंबर पण नाही. उचलला. जयवंती. डोकं दिसतंय म्हणते, बाळाचं, पण धरायला हात – बाळाला धरते आणि हातात काही येत नाही – लवकर, म्हणते, बाय लवकर –

केस आले. मुंडावळ्या. कपाळ

पहार आणलीय त्यांनी. शटर वाकतंय. लाहू सरकतोय. तुमचा सत्यानाश होवो, थांबा जरा, एवढा एक उतरू दे, एकच

भुवया

उजेड येतोय खालून, दर्शनचे बूट, हातात कार्डं – मी खुर्चीला कवटाळलंय, एका हाताने लिहितेय, कोणीतरी वाचावं की मी होते, प्रभा, त्याची

डोळे. आले. तिचेच, मिटलेले, हळदीने, हसतेय ती, नाक येतं

डिस्कची वायर सोड दर्शन वायर सो